इब्राहिम गाइडची खोर फक्कान सहल

आमच्या बर दुबईच्या मेसमध्ये चार रत्नागिरीकर एकत्र जेवायला बसले, की किस्से आपोआप साठायचे. कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या साठतात ना, तसे! कुणी मुद्दाम ठेवत नाही, कुणी टाकूनही देत नाही. त्यातल्या निम्म्या किश्श्यांचा मालक एकटा इब्राहिम. आणि त्याचे सगळ्यात भारी किस्से एकाच दिवसातले आहेत. मी त्या दिवशी गाडीत होतो, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

साठच्या दशकातली गोष्ट. सात अमिरातींचं मिळून एक राज्य अजून व्हायचं होतं, आणि दुबईबाहेर डांबराचा रस्ता शोधावा लागायचा. इब्राहिम आमच्याच ट्रेडिंग ऑफिसात स्टोअरकीपर होता. गावाकडे हर्णैला उर्दू शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर होते, त्यांना सगळा गाव मामू म्हणायचा. त्यांच्या मुलीवर, जुबेदावर, इब्राहिमचा जीव जडला होता. स्थळ गेलं होतं, पण मामूंनी हो म्हटलं नव्हतं. बहारीनचा एक अकाउंटंटही रांगेत होता. मुलगा प्रत्यक्ष बघायचा म्हणून मामू आगबोटीने थेट दुबईत येऊन थडकले. परतीची बोट रविवारी. हातात सुट्टीचा एकच शुक्रवार!

"मामू, तुम्हाला खोर फक्कान दाखवतो," इब्राहिम म्हणाला. "डोंगर, खाडी, समुद्र. मी स्वतः गाइड!"

मामू गेल्यावर मी विचारलं, "तू कधी गेलायस तिकडे?"

"नाही," तो म्हणाला. "पण ते नाही म्हणाले तर मी इथे राहून कुणासाठी राबू, सांग ना!" त्याचे डोळे भरून आले होते. मग काय, मीही यायला तयार झालो.

*

गाइडचा ड्रेस कसा असतो, यावर मेसमध्ये चर्चा झाली. एकाची पँट, दुसऱ्याचा कोट आणि माझा टाय. कोट लोकरीचा होता!

पहाटे लँडरोव्हर आली. ड्रायव्हर शहदाद बलुची, वर्षानुवर्षं त्याच रस्त्याने माल नेणारा. त्याने इब्राहिमला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच मला विचारलं, "साब, इनकी शादी आज ही है क्या?"

मामू पुढच्या सीटवर ऐकत होते. मागे न वळता म्हणाले, "आज फक्त परीक्षा आहे. निकाल दुबईला परत पोचायच्या आत!"

*

हेडमास्तर रिटायर झाले तरी प्रश्न विचारायची खोड जात नाही. धैद गावाच्या पुढे डोंगर सुरू झाले आणि मामूही सुरू झाले.

"हा डोंगर कोणता?"

इब्राहिमला अरबी शब्द येत होते मोजून चार: जबल म्हणजे डोंगर, वादी म्हणजे दरी, यल्ला म्हणजे चला आणि खलास म्हणजे संपलं. त्याने बेधडक ठोकलं, "जबल यल्ला!"

"आणि ही दरी?"

"वादी खलास, मामू."

शहदादचा स्टिअरिंगवरचा हात हलायला लागला. मला वाटलं रस्ता खराब आहे, बघतो तर हा हसू दाबतोय! पुढे एक काळाकभिन्न सुळका आला. त्याचं नाव गाइडने ठेवलं जबल इन्शाल्ला. मामूंनी तिन्ही नावं शाळेतल्यासारखी घोकून पाठ केली.

दुपारी खोर फक्कानच्या मशिदीत जुम्म्याची नमाज झाली. शेजारच्या अरब म्हाताऱ्याला थोडी हिंदी येत होती. त्याने विचारलं, कुठून आलात? मामू ऐटीत म्हणाले, "दुबई से. जबल इन्शाल्ला के रास्ते!"

म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले आणि भक्तिभावाने म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह!"

"बघ," मामू मला म्हणाले, "ओळखतात लोक."

*

पण मधला एक किस्सा राहिला. जाताना मसाफी गावाजवळ इंजिन तापलं. शहदाद बॉनेट उघडून बसला. जवळच एका बदूचा, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाचा, तंबू होता. त्याने आम्हाला हाताला धरून आत नेलं, खजूर पुढे ठेवला आणि चिमुकल्या कपांत गाहवा ओतला. गाहवा म्हणजे तिकडची कडू कॉफी, दूधसाखरेचं नाव नाही.

मामूंनी आम्हाला कानात बजावलं, "यजमानाने वाढलेलं टाकायचं नाही. आपल्याकडची रीत आहे."

झालं! मामू कप रिकामा करून अदबीने पुढे धरायचे, आणि बदू भरायचा. मामू प्यायले म्हणून इब्राहिम प्यायचा. इब्राहिम प्यायला म्हणून मी. बदूचा चेहरा खुलत चालला होता. असे कदरदान पाहुणे त्याने कधी पाहिले नसावेत! इकडे मामूंच्या कपाळावर घाम, इब्राहिमचे डोळे तारवटलेले, पण माघार कोण घेणार?

शेवटी शहदाद आत आला. एक कप प्यायला, रिकामा कप दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवला आणि परत दिला. बदूने मुकाट्याने ठेवून घेतला.

मामू बघतच राहिले. "हे काय केलंस?"

"कप हिलाया, साब. मतलब बस हो गया. नहीं हिलाओगे तो वो शाम तक भरता रहेगा."

मामूंनी इब्राहिमकडे असं बघितलं, की तो बहारीनचा अकाउंटंट मला नवरदेव होऊन हर्णैच्या आगबोटीत बसलेला दिसायला लागला. "गाइड, तुला हे ठाऊक नव्हतं?"

इब्राहिम चाचरत म्हणाला, "मामू, मला वाटलं तुम्हाला आवडली!"

आम्ही मेसमध्ये कोकणी माणसांत राहणारे. वर्षानुवर्षं दुबईत राहून आमचा सगळा चहा आपसातच व्हायचा. अरबाच्या घरी कॉफी प्यायलोच होतो कधी?

*

एवढी कॉफी पोटात गेल्यावर पुढे काय होणार, ते सांगायला नको. थोडं अंतर गेलं की मामू शहदादच्या खांद्यावर हात ठेवायचे. गाडी थांबायची. वयाचा मान राखायला हवा, म्हणून इब्राहिम उतरून मोठ्याने घोषणा करायचा, "व्ह्यू पॉइंट!"

मामू खडकाआड जायचे. आम्ही पाठ करून निसर्गसौंदर्य बघायचो.

मसाफी ते खोर फक्कान जेवढे व्ह्यू पॉइंट त्या दिवशी झाले, तेवढे आजच्या टुरिस्ट कंपन्यांनाही सापडलेले नाहीत. एका ठिकाणी तर नुसता सपाट माळ होता. मामू परत येऊन गंभीरपणे म्हणाले, "इथला व्ह्यू तितकासा नाही."

*

खोर फक्कानला पोचलो आणि डोळे निवले, खरंच सांगतो! अर्धगोल किनारा, मागे उभे डोंगर, पाणी काचेसारखं. मामू थेट पाण्यापर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "हर्णैची आठवण आली." इब्राहिमने मला कोपरखळी मारली. मार्क मिळाले!

त्याने आता हुकमी पत्ता काढला. जुबेदाने वडिलांबरोबर घरच्या कोकमाच्या रसाची बाटली पाठवली होती. समुद्रकिनारी बर्फ घातलेलं कोकम सरबत, असा इब्राहिमचा प्लॅन. त्यासाठी दुबईच्या देरा भागातल्या बर्फ कारखान्यातून अख्खी लादी घेतलेली, भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून. उघडून बघितलं तर नारळाएवढा बर्फ उरला होता, आणि तोही भुशाने माखलेला.

"धुऊन आणतो," म्हणून तो पाण्याच्या काठावर वाकला. बर्फ हातातून सटकला!

निळ्याशार पाण्यात पांढरा बर्फ डुलत डुलत निघाला. मामूंनी हात कपाळावर धरून विचारलं, "गाइड, ते काय?"

दुसरा कुणी असता तर रडला असता. हा पठ्ठ्या हात पसरून म्हणाला, "मामू, समुद्रात तरंगणारा बर्फ! अख्ख्या आखातात असं दृश्य दुसरीकडे नाही!"

आणि लगेच त्याने कोटासकट उडी मारली. माझ्या टायसकट!

परत आला तेव्हा बर्फ लिंबाएवढा झाला होता आणि लोकरीचा कोट दुप्पट जड. त्याने तो तुकडा मामूंच्या ग्लासात सोडला. मी डोळे मिटून घेतले. खाऱ्या पाण्यातला बर्फ, हेडमास्तरांच्या सरबतात!

मामूंनी घोट घेतला. जीभ टाळ्याला लावली. दुसरा घोट घेतला.

"जुबेदा नेहमी मीठ विसरते," ते म्हणाले. "आज बरोबर लागलंय."

*

परतीच्या वाटेवर मात्र मामू नुसते खिडकीबाहेर बघत बसले. डोंगरांची नावंसुद्धा विचारली नाहीत. इब्राहिम माझ्या शेजारी ओलाचिंब बसला होता. "संपलं," तो पुटपुटला. "परीक्षेत प्रश्नच बंद झाले म्हणजे नापास."

ऊन उतरताना मसाफीचा तो बदू रस्त्यातच उभा दिसला. आपले सकाळचे कदरदान पाहुणे तो सोडतोय होय! पुन्हा तंबूत जाऊन बसलो. या वेळी इब्राहिम उठला, बदूच्या हातून अदबीने गाहव्याचं भांडं घेतलं आणि स्वतः मामूंच्या कपात गाहवा ओतला. आणि भांडं हातात धरून तिथेच उभा राहिला.

मला राहवेना. "मामू," मी म्हणालो, "दुबई जवळ येत चालली. आमच्या इब्राहिमचं काय?"

 मामूंनी कॉफी सावकाश संपवली. रिकामा कप दोन बोटांत धरला, इब्राहिमकडे बघितलं आणि कप डावी-उजवीकडे हलवला.

 शहदादने मान खाली घातली. इब्राहिमचा चेहरा पांढरा पडला. बदूने कप घ्यायला हात पुढे केला, आणि मामूंनी कप झटकन मागे घेतला.

"थांबा, थांबा! माशी बसली होती, ती उडवली," ते म्हणाले आणि कप इब्राहिमपुढे धरला, अगदी स्थिर. "ओत. आणि या लोकांसारखं चमचाभर नको. काठोकाठ भर, आम्ही मुलीकडचे!"