घाबरणाऱ्या मॅडम

ड्युटीवर आल्या की केस घट्ट बांधायच्या आणि म्हणायच्या, "काका, आज मला भीती वाटतेय." रोज. मी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, त्या मागे बसणाऱ्या डॉक्टर. ठाकुर्लीहून यायच्या. मला वाटायचं, नवीन पोरगी आहे, जाईल भीती. गेली नाही. पण ऑक्सिजन तपासल्याशिवाय त्यांनी मला कधी चावी फिरवू दिली नाही.

तुम्ही रुग्णवाहिकेला वाट देता तेव्हा आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. चालवणाऱ्यालाही नाही. त्याला फक्त ऐकू येतं.

कोलशेतला एका मावशींची जीभ अचानक सुजली. रक्तदाबाची गोळी बाधलेली. जीभ तोंडात मावेना, लाळ गळत होती, कॉटवर हात रोवून त्या श्वास ओढत होत्या. मुलगा ओरडला, "मॅडम, घशात नळी टाका ना!"

"तोंडात जागाच नाही रे. उगाच कोंबली तर आहे तेवढा श्वासही जाईल. हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ असतात, घशात बघायला कॅमेरा असतो. तिथवर बसवूनच न्यायचं."

मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काका, मी थांबवा म्हटलं की असू तिथे थांबवा. श्वास अडला तर गळ्याला छेद देऊन तिथून नळी घालावी लागेल. मी आजवर फक्त सरावाच्या पुतळ्यावर केलंय."

मुलाला मी पुढे बसवलं. बाळकुमला गाड्या तुंबलेल्या. सायरन बोंबलतोय, कोणी हलत नाही. मागून मावशींची घरघर ऐकू येत होती. ती येतेय तोवर ठीक, असं मी स्वतःला सांगत होतो. मग ती बारीक झाली. मग थांबलीच.

"थांबवा!"

मी मागे धावलो. मावशी निळ्या पडलेल्या.

"डोकं धरा. घट्ट."

 बोटाने मॅडमनी कंठमण्याखालची खाच चाचपली आणि कापलं. रक्त आलं. पुसलं, तर आणखी आलं.

"सापडत नाहीये, काका. सापडत नाहीये."

मी डोळे मिटले. तेवढ्यात फुस्स आवाज झाला. बघतो तर नळी आत गेलेली आणि मावशींची छाती वर येत होती.

हॉस्पिटलमधले मोठे डॉक्टर जखम बघून म्हणाले, "इथे आम्ही चौघं असतो, डोक्यावर दिवा असतो, तरी घाम फुटतो." मॅडम बाहेर येऊन भिंतीला धरून ओकल्या.

पुढे त्या भूलतज्ज्ञ व्हायला कोल्हापूरला गेल्या. त्या गेल्यावर एक दिवस मावशी आमच्या गाडीपाशी आल्या. गळ्यावर आखूड व्रण.

"ती पोरगी कुठं हाय?"

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"पोरी, मी बोलते. तवा बोलता येत नव्हतं ना. ऐकतेस का गं? माझा आवाज हाय हा."

 मावशी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभ्या होत्या.

"नको गं रडू," त्या म्हणाल्या.