नव्या तारांना गोडेतेल

हबीबच्या घरचा कापसाचा धंदा आहे, असं ऑर्केस्ट्रात सगळे धरून चालले होते, कारण हबीबनंच तसं सांगितलं होतं. खोटं म्हणावं तर नाही. त्याचे अब्बा, अमीनमियाँ, जळगावात गाद्यांचा कापूस पिंजत. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जिनिंग फॅक्टरी उभी राही, आणि हबीब ती पडू देत नसे.

त्याच्या बेस गिटारसाठी ऑर्केस्ट्राचे मालक नेमीचंदशेठ यांनी मुंबईहून चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या तारा आणवल्या. बोटाला रेशमासारख्या गुळगुळीत, पण आवाज कोऱ्या भांड्याचा. शेठला हवा होता पोटात घुमणारा धुम्म. "हबीब, ही गिटार आहे का शाळेची घंटा?" ते नाकातून विचारत.

अशा तारा आठवडेच्या आठवडे वाजवून मुरवाव्या लागतात. देवपूरच्या लग्नातला कार्यक्रम तर तोंडावर आलेला. अब्बा पिंजणीच्या धनुकलीवर आतड्याची नवी तात चढवली की तिला तेलाचा हात देत, मग ती नरम पडे. हबीबनंही तारांना गोडेतेल चोळलं, गिटार पिंजणीच्या खोलीत टांगली आणि कामावर गेला. निघायच्या घाईत न बघताच ती खोळीत घातली.

देवपूरला मांडवात खोळ उघडली, तर चारही तारांना पांढऱ्या मिशा फुटलेल्या. दिवसभर उडालेला कापूस तेलावर बसला होता.

मिमिक्रीवाल्या शालिग्रामला एवढं पुरे झालं. त्यानं माइकवर पिंजाऱ्याची धनुकली सुरू केली, धुंग तक, धुंग तक, आणि वर हेल काढून, "गादी पिंजाऽऽयची का, बाई?" वऱ्हाडी हसले. हबीब सगळ्यांत मोठ्यानं हसला.

पोराचं वाजवणं ऐकायला अब्बा हौसेनं एसटीनं आले होते. ते पुढं झाले, खांद्यावरच्या रुमालानं तारा पुसू लागले. त्यांच्या दाढीतही कापूस होता.

"हे कोण?" शेठनं विचारलं.

"शेजारी," हबीब म्हणाला. "पिंजारी आहेत."

अब्बांचा हात थांबला नाही. "हा शेठ, शेजारीच शे मी."

मग तारा टणटणल्या की घुमल्या, हबीबच्या कानांत काही शिरलं नाही. मान वर करायची त्याला लाज वाटत होती.

परतताना शेठनं भल्या मनानं शेजाऱ्यालाही टेम्पोत घेतलं. अब्बांनी वाटेत एकदाच तोंड उघडलं. "हबीबभाई, वारं लागस का?"

सकाळी गल्लीत टेम्पो थांबला. हबीब आपल्या दारात उतरला. अब्बा मात्र पलीकडं जाऊन शेजारच्या भिकुबाईच्या बंद दारासमोर उभे राहिले, टेम्पो जायची वाट बघत. टेम्पो काही सुरू होईना. आवाजानं भिकुबाईनंच दार उघडलं.

"काय व्हयनं, हबीबना बाप? तुमनं घर भुली ग्यात का?"

टेम्पोत कुणी हसलं नाही. गिटार उंबऱ्यावर ठेवून हबीब तिकडं निघाला. पण सगळ्यांदेखत त्यांना हाक काय म्हणून मारावी, हे त्याला ठरवता येईना.