पायरीवरचा निकाल

सागरचा फोन आला तेव्हा मी माणच्या रस्त्याला गाड्यांच्या रांगेत अडकलो होतो. "काका, ते गेले," एवढंच तो म्हणाला. बाबा गेले असं म्हणाला नाही. ते गेले... मागून कोणीतरी त्याला ॲम्ब्युलन्सबद्दल विचारत होतं, त्याने फोन ठेवून दिला. प्रल्हादराव माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि सागर त्यांचा एकुलता एक मुलगा. याला आता दोन महिने होऊन गेले. भेटायला आलेल्या प्रत्येकाने त्यांच्याविषयी चांगलंच सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण मला त्यांचा राग आहे, तो अजून गेलेला नाही, आणि माणूस गेला म्हणून तो घाईघाईने गिळून टाकावा असं मला वाटत नाही.

प्रल्हादराव लातूरकडचे. आमच्याच कंपनीत ते प्रेस शॉपला होते आणि मी डिझाइन ऑफिसात. कुस्तीच्या गावचा माणूस, पिंपरीला येईपर्यंत त्यांनी हॉकीची काठी जवळून पाहिलेलीसुद्धा नव्हती. सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या खोलीत एकटं बसवेना म्हणून ते एकदा मैदानाकडे गेले, तर तिथे कंपनीचा संघ खेळत होता. पायऱ्यांवर आमचं नेहमीचं टोळकं बसलेलं. त्यातले तापकीर म्हणजे इथले मूळचे गाववाले, त्यांनी शेंगदाण्यांची पुडी पुढे केली आणि सरकून जागा दिली. त्या जागेवर प्रल्हादराव जे बसले ते निवृत्त झाल्यावरही उठले नाहीत. स्वतः आयुष्यात एकदाही खेळले नाहीत, पण कोणाचा गुडघा दुखतो, कोण डावीकडे वळताना कचरतो, सगळं त्यांना ठाऊक. गाव सुटलेल्या माणसाला या शहरात पायरीने गाव दिलं, हे मला मान्य आहे. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

या पायरीची एक रीत होती. संघ जिंकला तर चहा पिऊन पांगायचं. अंतिम मालिका हरला तर मात्र एक नाव ठरल्याशिवाय कोणी उठायचं नाही. संघ हरला असं म्हणायचंच नाही. एका माणसाने हरवलं, तो कोण ते सांगा. वादावादी व्हायची, जुनी उणीदुणी निघायची, शेवटी कोणाचं तरी नाव लागायचं आणि पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत पायरीवरचा कोणी त्याच्याशी बोलायचा नाही. आम्हा बहुतेकांना ती थट्टाच होती. गणपतीच्या मांडवात गाठ पडली की खांद्यावर हात पडायचा आणि विषय संपायचा. प्रल्हादरावांच्या बाबतीत तो संपत नसे. एका वर्षी चिपळूणच्या एका फुलबॅकचं नाव लागलं. तो शॉपमध्ये यांच्या शेजारच्याच मशीनवर होता. मशीनमधली डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, बदलायची असली तरी हे त्याला खुणेने सांगत. बिचाऱ्याने अखेर चाकणच्या प्लांटला बदली मागून घेतली. "पोराला लाज व्हती, म्हणून गेला," प्रल्हादराव मला म्हणाले, आणि ते त्यांनी कौतुकाने म्हटलं होतं.

अशा माणसाचा मुलगा हॉकीपटू निघाला. मुलावर त्यांची माया नव्हती असं कोणी म्हणू नये. सागर शाळेत असल्यापासून थंडीत त्याला स्कूटरवर पुढे उभं करून मैदानावर नेणारे तेच. काठीची ग्रिप ते स्वतः गुंडाळून देत, इतकी नेटकी की संघातली दुसरी मुलंही आपल्या काठ्या घेऊन घरी यायची. सागर कंपनीत लागला, संघात आला, तेव्हा त्यांनी सगळ्या शॉपला पेढे वाटले आणि आक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, पहिल्यांदा पायरीवर आणून बसवलं. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आठवलं की मला आणखीनच राग येतो.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तीन सामन्यांची अंतिम मालिका झाली. पहिला सामना आपण घेतला, दुसरा समोरच्या संघाने. तिसरा बरोबरीत सुटला आणि शूटआउटवर आला. शूटआउटमध्ये खेळाडू एकटाच चेंडू घेऊन गोलकीपरवर चालून जातो, आठ सेकंद मिळतात, मग भोंगा वाजतो. आपला शेवटचा प्रयत्न सागरचा होता, तो हुकला की मालिका गेली. रातपाळी करून, तासदोन तास डोळा लावून तो उतरला होता. गोलकीपर पुढे आला, सागरने त्याला उजवीकडून चकवलं, थोडा लांब गेला, वळला आणि मारला. चेंडू जाळीत. आम्ही सगळे उभे, प्रल्हादरावांनी टोपी हवेत उडवलेली, आणि पंच मात्र हात हलवून 'नाही' म्हणत होता. भोंगा आधीच वाजला होता. आमच्याच आरडाओरड्यात तो आम्हाला ऐकू आला नव्हता.

मैदान रिकामं झालं तरी आम्ही बसून. सागरचं नाव कोणाच्याच तोंडातून निघेना. तापकीर म्हणाले, "या वर्साला न्हाई लावायचं नाव. उठा आता, झालं ते झालं." कोणीतरी प्रशिक्षकावर ढकलून पाहिलं. प्रल्हादराव टोपी झटकत होते. टोपी डोक्यावर घालून ते म्हणाले, "सागर." मग ते म्हणाले, "भोंग्यानंतर आलेला माणूस गेटातून आत घेता का तुमी? गोल बी तसाच. लावा नाव, अन् उठा." सागर खाली कठड्याशी पाणी पीत होता. त्याला सगळं ऐकू गेलं. त्याने बाटलीचं झाकण लावलं आणि तो आपली बॅग भरू लागला.

नवरा-बायको आणि मुलगा, पिंपळे गुरवला दोन खोल्या. त्यात बाप मुलाशी बोलायचा थांबला. आम्हाला वाटलं, चार दिवस धुसफुस होईल. पण 'त्याला वाढ', 'त्याला म्हणावं गाडीचा इन्शुरन्स संपतोय' असं सगळं आक्कांमार्फत सुरू झालं आणि मी गेलो की माझ्यामार्फत. आक्का रडल्या, भांडल्या, एक दिवस जेवल्या नाहीत. मी तर एकदा तोंडावर म्हणालो की हा खेळ नाही, हा छळ आहे. त्यावर ते म्हणाले की दुसऱ्याच्या पोराला एक न्याय अन् माझ्या पोराला दुसरा, असं केलं तर मी पायरीवर बसू कोणत्या तोंडाने? त्यांना पायरीवर बसायची काळजी होती! सागरने बरेच दिवस वाट पाहिली. मुद्दाम काहीबाही विचारायचा, उत्तर आईला मिळायचं. दिवाळीच्या पाडव्याला तो पाया पडला, यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून सागरनेही त्यांच्याशी बोलायचं सोडलं.

दिवाळीनंतर आठवड्याभरातच प्रल्हादरावांच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात मी संध्याकाळी गेलो तेव्हा ते शुद्धीवर होते, नाकात नळी, आवाज बसलेला. सागर खाटेच्या पायथ्याशी उभा, दोन दिवस घरी न गेलेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं... मग मान माझ्याकडे वळवली.

"त्याला इचारा, जेवला का."

सागर माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगा, जेवलो."

तो जेवला नव्हता, डबा तसाच खिडकीत होता. माझा तोल सुटला. मी म्हणालो, अहो, समोर उभा आहे तो, एक शब्द बोला त्याच्याशी. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. ते थोडं हसले. "दोन महिने ऱ्हायले की फक्त. हंगाम लागू द्या, पैल्या मॅचला पोटभर बोलतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. हंगाम लागायला दोन महिने होते आणि त्यांना खात्री होती की तेवढे आपल्याकडे आहेत.

दहाव्याला पवनेच्या घाटावर सगळी पायरी हजर होती. पिंड ठेवला, आम्ही मागे सरलो. कावळे झाडावर होते, खाली येईनात. आक्कांना सांभाळीन असं मी म्हणालो. कोणी म्हणालं, भाऊ, यंदा कप आणतो. काही नाही. ऊन चढलं. शेवटी तापकीर पुढे झाले, हात जोडले आणि त्या जुन्या माणसाने पिंडाला सांगितलं, "प्रल्हादभाऊ, पोराचं नाव आमी मागं घेतलं. त्याची कायबी चूक न्हाई." एवढ्या वर्षांत पायरीने लावलेलं नाव कधी मागे घेतलं नव्हतं. तरी एक कावळा हलला नाही. मग सगळे सागरकडे वळले. तू बोल बाबा, तुझ्यासाठीच अडलंय त्यांचं. सागर ओलेत्याने उभा होता. त्याने पिंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हंगाम लागायचाय अजून," तो आम्हाला म्हणाला.

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. घाटावरून परतताना त्याच्याशी कोणी बोललं नाही, आणि ते रीत म्हणून नव्हतं. आम्हाला त्याची भीती वाटली.

गेल्या आठवड्यात मी पिंपळे गुरवला गेलो होतो. प्रल्हादरावांच्या खुर्चीच्या वर आता त्यांचा फोटो आहे, टोपी घातलेला, आक्कांनी मुद्दाम तोच निवडला. आक्का चहा ठेवायला आत गेल्या. सागर माझ्यासमोर बसला होता. मी इकडचं तिकडचं बोललो, कंपनीचं, पाळीचं. मग न राहवून म्हणालो की हंगाम परवा रविवारी लागतोय, आता तरी...

त्याने मान हलवली. फोटोकडे पाठ करूनच तो बसला होता, वळला नाही.

"काका, त्यांना सांगा, मी यंदा संघात नाव दिलेलं नाही."

आतून कपबशांचा आवाज येत होता. मी उठलो, फोटोसमोर उभा राहिलो आणि त्यांना तसं सांगितलं.