काळ्या पडद्याआडची जोडी

आमच्या स्टुडिओत फोटोच्या वेळी लहान मुलं फार रडायची. कॅमेऱ्यामागचं काळं कापड आणि मोठे दिवे बघूनच ती आईच्या पदराला चिकटायची. बाहेरच्या खोलीत माशांची पेटी ठेवली तर मुलं रमतील, ही कल्पना माझ्या मिस्टरांची. त्यांचा एक मित्र रेल्वेत होता. मुंबईहून येताना त्यानं सहा लहान मासे प्लास्टिकच्या पिशवीत आणले. मनमाडला गाडी बदलताना त्यातला एक गेला. उरलेले पाच जालन्याला पोचले तेव्हा बोटाएवढे होते. माशांचं नाव ऑस्कर आहे, असं मित्रानं सांगितलं. हे मासे वीतभराच्याही वर वाढतात, हे सांगायला मात्र तो विसरला.

लोखंडी चौकटीत काचा पुट्टीनं बसवून पेटी करून घेतली. पहिल्या हिवाळ्यात थंडीनं आणखी एक मासा गेला, मग आम्ही उबेसाठी पेटीवर दोन बल्ब लावले. राहिलेले चौघं गांडुळं आणि कलेजीचे तुकडे खाऊन असे वाढले की बघणारा काचेपासून मागं सरायचा. काळपट अंगावर नारिंगी डाग, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका आणि त्याभोवती नारिंगी कडं, जणू दुसरा डोळाच. मुलं रडायची थांबली. मोठी माणसं उगीच फोटो काढायला येऊ लागली.

मी त्या स्टुडिओत फोटो रंगवायचे. तेव्हा फोटो काळेपांढरेच निघत आणि नवराबायकोचा फोटो असला की लोकांना तो रंगीत हवा असे. गालावर गुलाबी, साडीच्या काठाला सोनेरी, शालूला हिरवा, असं मी कापसाच्या बोळ्यानं आणि बारीक ब्रशानं भरायचे. मी अंबड तालुक्यातल्या खेड्यातली. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी मला ड्रॉइंगच्या परीक्षा द्यायला लावल्या, त्या मी पास झाले. मुलगी सरकारी शाळेत चित्रकला शिकवील, असं त्यांच्या मनात होतं. ते जमलं नाही आणि मी लग्न होऊन जालन्यात लोकांचे गाल रंगवू लागले. वडील काही बोलले नाहीत, पण माझ्या कामाबद्दल कधी विचारलंही नाही.

दुसऱ्या वर्षी दोन माशांनी पेटीचा डावा कोपरा धरला. तिथं शहाबादी फरशीचा एक तुकडा पडलेला होता. बाकीचे दोघं जवळ आले की हे दोघं त्यांच्या अंगावर जात. मग एक दिवस या दोघांनीच एकमेकांचा जबडा तोंडात धरला आणि ओढाओढ सुरू केली. पाणी पेटीबाहेर उडालं.

"हे भांडून राह्यले," मिस्टर म्हणाले. "एखादा मरंल." त्यांनी फ्रेमची एक जादा काच आणून दोघांच्या मधे उभी केली.

दोन्ही मासे त्या काचेला नाक लावून बसले. टाकलेलं खाणंही त्यांना दिसेना. मी कामाच्या टेबलावरून दिवसभर बघत होते. रंगाकडे बघायची सवयच लागलेली. इतर दोघांना मार बसला की त्यांचा रंग उडायचा, राखेसारखे फिक्के व्हायचे. हे दोघं समोरासमोर आले की उलटं व्हायचं. काळा आणखी गडद, नारिंगी निखाऱ्यासारखा, आणि अंगाला बारीक थरथर.

"अहो, काच काढा," मी म्हणाले. "भांडण न्हाई ते. घाबरलेल्याचा रंग असा चढत न्हाई."

"मंग काय आहे?"

"एकमेकांना जोखून राह्यले. जोडी जमतीय त्यांची. खरा मार तर त्या दुसऱ्या दोघांना बसतोय, त्यांना हलवा."

त्यांना पटलं नव्हतं, पण त्यांनी काच काढली. दुसरे दोन मासे ओळखीच्या डॉक्टरांच्या घरच्या हौदात गेले. इकडे आमच्या दोघांची ओढाओढ एकदा पुन्हा झाली आणि कायमची थांबली. त्यानंतर ते अंगाला अंग लावून पोहायचे. फरशी तोंडानं घासून घासून त्यांनी इतकी स्वच्छ केली की मी ती हातानंही तशी केली नसती.

यातला नर कोण, हे दिसण्यावरून कळत नव्हतं. मिस्टर मोठ्याला नर म्हणत. एका दुपारी मोठ्यानंच फरशीवरून सावकाश सरकत अंड्यांची ओळ घातली आणि धाकटा मागून तसाच फिरत गेला. मिस्टर म्हणाले, "म्हणजे मोठी बाई आहे." मी हसले.

पण ती अंडी वाचली नाहीत. लग्नसराई होती. एक वऱ्हाड फोटोला आलं, सगळे पेटीभोवती गोळा झाले, काचेवर टकटक सुरू झाली, वरून दिवे लागले. माणसं गेली तेव्हा फरशी मोकळी होती. दोघांनी अंडी खाऊन टाकली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

काही आठवड्यांनी ते दोघं फरशी पुन्हा घासायला लागले तसा मी कॅमेऱ्याचा जुना काळा पडदा काढला आणि पेटीच्या तिन्ही बाजूंनी लावला. बाहेरच्या खोलीचं दारही लावून घेतलं.

"गिऱ्हाइकांना कुठं बसवू?" मिस्टरांनी विचारलं.

"बाहेर बाकावर."

"लग्नसराई संपली न्हाई अजून."

"म्हणूनच तर दार लावलं."

ते बाक उचलून बाहेर घेऊन गेले. त्यांच्या स्टुडिओत माझ्या शब्दानं एवढी मोठी गोष्ट हलली, ती तेव्हाच पहिल्यांदा.

मंठ्याकडचे एक वयस्क शेतकरी सहकुटुंब फोटोला आले होते. बंद दार बघून त्यांनी विचारलं, "बाई, आत काय लपवून ठिवलंय?"

"आत बाळंतपण आहे," मी म्हणाले आणि माशांचं सांगितलं.

त्यांना हसू आलं, पण मग त्यांनीच आपल्या नातवंडांना बिलकुल आवाज करायचा नाही म्हणून बजावलं आणि सगळं कुटुंब बाकावर गप्प बसवलं.

या वेळी अंडी टिकली. दोघं आळीपाळीनं पंख हलवून त्यांच्यावर पाणी खेळवत. पांढरी पडून बुरशी धरलेली अंडी तेवढी मादी उचलून खायची. मग अंड्यांतून शेपट्या वळवळू लागल्या आणि एका सकाळी मादी ती वळवळणारी पिल्लं तोंडात भरताना दिसली.

"खाऊन राह्यली परत," मिस्टरांनी जाळी हातात घेतली.

"थांबा जरा."

मलाही खात्री नव्हती. मादी कोपऱ्यात गेली. तिथं नरानं वाळू उकरून खड्डा केला होता. तिनं तोंड उघडलं आणि सगळी पिल्लं त्या खड्ड्यात सोडली. मिस्टरांनी जाळी खुंटीला अडकवली.

पिल्लं पोहू लागली तेव्हा पेटीत धूळ उठल्यासारखी दिसायची. उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून गाळून मी त्यांना द्यायचे, आणि मिस्टर सायकलवरून जाऊन बारवेतलं बारीक पाणकिड्यांचं पाणी डब्यात आणायचे. पाणी बदलायला हात घातला तर नर बोटाला चावायचा. मला हाताला फडकं बांधावं लागे, पण त्या चावण्याचंही मला कौतुक वाटायचं. माझ्या हातचं खाऊन मोठा झालेला बाप होता तो.

फोटो काढायची कल्पना माझी. काचेत कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब यायचं, म्हणून मी काळ्या पडद्याला भोक पाडून तो पेटीपुढे धरून उभी राहिले. मिस्टरांनी त्या भोकातून भिंग लावलं. फोटोच्या बऱ्याच काचेच्या प्लेटा वाया गेल्या. शेवटी एक साधली. आईबाप शेजारी शेजारी आणि त्यांच्या मधे, पोटाखाली, पिल्लांचा थवा.

तो फोटो रंगवायला मी पूर्ण रविवार घेतला. गालाचा गुलाबी इथं कामाचा नव्हता. नारिंगीत थोडा तपकिरी, थोडा लाल घालत गेले आणि दर वेळी उठून पेटीशी जाऊन ताडून पाहिलं. पिल्लांना मी रंग दिलाच नाही, तशीच राहू दिली. शेपटीवरच्या ठिपक्याचं नारिंगी कडं भरलं तेव्हा मासा माझ्याकडे बघतोय असं वाटलं आणि मला कळलं की हे आजवरचं माझं सगळ्यांत चांगलं काम आहे.

मिस्टरांनी शोकेसमधला एका नवरानवरीचा फोटो काढून त्या जागी हा लावला. लावण्याआधी मला म्हणाले, "खाली नाव टाक."

"कुणाचं?"

"तुझं. रंगवलाय कुणी?"

स्टुडिओच्या शिक्क्यावर त्यांचंच नाव असे. मी बारीक ब्रशानं कोपऱ्यात माझं नाव घातलं.

त्या आठवड्यात वडील गावाहून आले. मी आत कामात होते. शोकेसपुढे चारपाच माणसं थांबली होती. त्यातला एक म्हणत होता, "मुंबईचा दिसतो फोटो. इथं कुठं असलं काम व्हायला?"

मग वडिलांचा आवाज ऐकू आला. वर्गात बोलावं तसे ते सावकाश बोलत होते.

"न्हाई. ते खाली नाव वाचा. माझी मुलगी आहे ती. मासेही तिचे आणि रंगही तिनंच दिलाय."

ते आत आले, "जय भीम" म्हणाले, पिशवी ठेवली आणि पेटीपुढं स्टूल ओढून बसले. माशांचा रंग निरखून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "फोटोत हा नारिंगी कशानं आणलास?"

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाबद्दल काही विचारलं होतं. मी डब्या उघडून एकेक रंग दाखवत गेले आणि ते शाळेत शिकणाऱ्यासारखं ऐकत राहिले. जाताना त्यांनी त्या फोटोची एक प्रत मागून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि एस.टी.त मांडीवर धरून नेली.

पिल्लं नखाएवढी झाली तेव्हा आम्ही ती वाटली. मंठ्याचे ते शेतकरी बायकोला घेऊन मुद्दाम आले आणि बरणीतून चार घेऊन गेले. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनीही नेली. जोडीनं त्यानंतर बऱ्याच वेळा अंडी घातली आणि त्यांची एकही खेप मी वाया जाऊ दिली नाही. बाजारात लोक मला मासेवाल्या फोटोच्या बाई म्हणून ओळखू लागले. भाजी घेताना कुणी तसं म्हटलं की मी मान ताठ करून उत्तर द्यायचे.