भोपाळला राहिलेला बट

राज्य नवं झालं तेव्हा सगळ्याचीच वाटणी झाली. फायली, जीपा, टाइपरायटर आणि माणसं. त्या वाटणीत मी रायपूरला आले आणि नवरा भोपाळला राहिला. दोघंही पोलीस खात्यातच कारकून, आदेशही एकाच दिवशी निघाले, फक्त नावं वेगवेगळ्या पानांवर होती. सासूबाईंनी नागपूरहून फोन केला, "तुमाले असं काहून वाटून टाकलं? भांडे आहात काय?"

रायपूरच्या शंकर नगरात एक खोली घेऊन मी एकटीचा स्वयंपाक करायला लागले.

शस्त्रागाराच्या कारकुनीत माझ्या टेबलावर एक जर्मन पिस्तूल आलं. कधीकाळी चाचणीसाठी मागवलेला नमुना होता तो. आमच्या साहेबांना राज्याच्या पहिल्या वाढदिवशी पाहुण्यांसमोर ते चालवून दाखवायचं होतं, म्हणून त्याच्या इतिहासाची टिप्पणी मी लिहायची होती. इंग्रजी पुस्तिका घेऊन बसले. पिस्तूल म्हणजे पोलाद असंच सगळे धरून चालत, त्या काळात याचं अंग प्लास्टिकचं. चाप एकदा ओढला की लागोपाठ तीन गोळ्या. पण चाप इतका जड की ओढता ओढता नेम हलायचा, त्यामुळे खप बेताचाच. एवढी अक्कल खर्चून फारशी कुणाला नको असलेली वस्तू बनवायची, हे मला अगदी सरकारी वाटलं.

तालमीच्या दिवशी पंडरीच्या कापडबाजारातून आणलेलं लाल कापड टेबलावर अंथरलं. शस्त्रागार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या हवालदारांनी चाप ओढला. एकच गोळी सुटली. पुन्हा ओढला, पुन्हा एकच. उरलेल्या दोन मी खाल्ल्यासारखे साहेब माझ्याकडे बघायला लागले.

"साहब, ये अकेला एक ही मारेगा," हवालदार म्हणाले. "तीन वाला पुर्जा इसके बट में है. बट कंधे से लगेगा, तब."

पुस्तिकेतही तेच होतं. मी इतिहास वाचला होता, आकृत्या नव्हत्या वाचल्या. नुसत्या हातात धरून तीन गोळ्या झाडल्या तर नळी वर उडते, म्हणून ती सोय मुद्दाम खांद्याला टेकवायच्या बटात ठेवलेली. बट आतून पोकळ, पिस्तूल एरवी त्यातच ठेवायचं. वाटणीच्या यादीत त्याची नोंद होती, "प्लास्टिकचा खोका, एक". खोके भोपाळच्या वाट्याला गेले होते.

मी पत्र लिहिलं की हे दोन्ही भाग एकत्र काम करण्यासाठीच बनलेले आहेत, वेगळे ठेवल्यास उपयोगाचे नाहीत, सबब त्वरित एकत्र आणावेत. साहेबांनी मसुद्याची तारीफ केली. मग खोक्याच्या जागी नवऱ्याचं पद घालून तोच मसुदा मी त्याच्या बदलीच्या अर्जाला लावला.

खोका मंजूर व्हायला आठ दिवस लागले. अर्ज शेरा मारून परत आला, "दोन्ही कर्मचारी आपापल्या जागी स्वतंत्रपणे कार्यक्षम आहेत." मला भयंकर संताप आला.

खोका घेऊन आला तो माझा नवराच. ती यादी त्यानंच केली होती, तेव्हा चूक निस्तरायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. हवालदारांनी बट बसवला, कळ तीनवर फिरवली आणि चाप ओढला. तिन्ही गोळ्या अशा गेल्या की एकच आवाज वाटला. साहेब खूश झाले. मी पावतीवर लिहिलं, "खोका एक, सुस्थितीत मिळाला." खाली छापील रकाना होता, सोबत आलेला कर्मचारी परत पाठवला काय? तिथे मला "होय" लिहावं लागलं.

संध्याकाळच्या गाडीवर त्याला सोडायला गेले आणि रडू आवरलं नाही.

"काहून रडून राहिली वं?"

"पुन्हा कधी येता?"

"तुमचं ऑफिस सामान मागवीन तवा," तो म्हणाला आणि डब्यात चढला.

दुसऱ्या दिवशी मी वाटणीची अख्खी यादी काढली आणि हवालदारांना विचारलं, आपल्याकडच्या आणखी कोणकोणत्या वस्तूंचा जोड तिकडे राहिलाय. त्यांनी यादी पुढे ओढून वरपासून खालपर्यंत वाचली.

"हव दीदी, बहुत हैं," ते म्हणाले. "एक-एक करके मंगवाइए."