निरंकवाले सबनीससर

सबनीससर गाडीतून उतरत नसत. जमिनीत जुनं काही आहे का हे पाहायला नेमलेला माणूस जमिनीवर पायच ठेवत नसे, आता बोला! काच चार बोटं खाली करायची, गॉगल कपाळावर सरकवायचा, शेतावरून नजर फिरवायची आणि म्हणायचं, ‘‘निरंक!’’ झाली पाहणी. गोदाम असो की सोलरचा प्रकल्प, काम सुरू करण्याआधी तिथं प्राचीन अवशेष नाहीत असा अहवाल कंपनीला हवा असतो. सर तो इतक्या चटकन द्यायचे की कंपनीवाले त्यांना देवमाणूस म्हणत. मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढायचे.

मी वाटूरची, ढेकळांत वाढलेली. शेतात उतरून खापरं गोळा करून आणली की सर हसायचे. ‘‘अगं, कुंभार गेला, खापरं राहिली. यात इतिहास कुठला?’’ आणि हाच माणूस सभेत ‘मातीशी नातं’ या विषयावर तासभर बोलायचा! बुटाला चिखल लागला तर ड्रायव्हरकडून पुसून घेणारा, आणि म्हणे मातीशी नातं. माझं डोकंच फिरायचं.

मंठ्याकडच्या एका गावात गोदामं व्हायची होती. गावाबाहेर पांढरी होती, म्हणजे फार जुनं गाव नांदून उठून गेल्यावर उरलेलं पांढऱ्या मातीचं टेकाड. त्यावर कमरेएवढा दगड उभा, शेंदराच्या थरांनी पार गोळा झालेला. शेजारच्या शेतातल्या गयाबाई त्याला रोज तेल घालत. त्या गाडीपाशी आल्या.

‘‘सायब, शेंदराखाली घोड्यावरला गडी हाय. माझ्या सासूच्या वक्ताला खोळ पडल्ती, तवा तिनं पाह्यल्तं.’’

‘‘मग खरवडून दाखवा.’’

‘‘खरवडायला काय करपलेला तवा हाय का? देव आपली खोळ आपणच टाकत असतो. माणसानं हात लावायचा न्हाई.’’

गावाची रीतच तशी. शेंदराची खोळ आपोआप गळेपर्यंत थांबायचं. सरांना ते आयतंच सापडलं. ‘‘दिसत नाही, ते नाही. शेंदरी दगड, अलीकडचा. निरंक!’’

‘‘सर, दगड राहू द्या,’’ मी म्हटलं. ‘‘टेकाडावर तरी चढा. कडेला विटांची भिंत उघडी पडलीय. एकदा मशीन लागलं की गेलं सगळं.’’

‘‘ऊन फार आहे.’’

‘‘मग संध्याकाळी येऊ.’’

‘‘संध्याकाळी राजूरला गणपतीच्या दर्शनाला जायचंय.’’

गेले की हो दर्शनाला! गयाबाई रस्त्यात उभ्याच होत्या. त्यांना वाटलं, साहेब परत येतील.

आलं ते मशीन. टेकाड सपाट झालं. विटा, चुली, खापरं, सगळी पांढरी ट्रॅक्टरांनी रस्त्याच्या भरावात गेली. शेवटी दगड पट्टा घालून उचलला, तसा पट्टा आवळला आणि शेंदराची खोळ फुटून खाली पडली. आत वीरगळ! घोडेस्वार, त्याची उगारलेली तलवार, पायाशी गायी, वर चंद्र-सूर्य. गायी सोडवताना मेलेला कुणी गावचा गडी. मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं आणि चपला काढल्या. गयाबाई खाली बसून खोळीचे तुकडे पदरात गोळा करू लागल्या.

बातमी कळताच सबनीससर आले. या वेळी गाडी थांबायच्या आत उतरले. पत्रकारांना म्हणाले, ‘‘माझ्या चिकाटीचं हे फळ आहे.’’ चिकाटी! या माणसाला लाज नावाची गोष्ट कुणी दाखवलीच नव्हती. मी नको ते बोलले, मोठ्यानं बोलले, माझं काम त्याच दिवशी सुटलं. त्याचं मला काही वाटत नाही.

सर वीरगळीवर हात ठेवून फोटोसाठी उभे राहिले. दुसऱ्या बाजूला गयाबाई उठून उभ्या राहिल्या.

‘‘सायब, ज्या गावासाठी ह्या गड्यानं जीव दिला, ते गाव तुम्ही रस्त्याखाली घातलं. मंग ह्याला एकट्याला ठेवून काय करून राह्यले?’’

सरांनी फोटोवाल्याकडे पाहून हसू तसंच ठेवलं आणि म्हणाले, ‘‘बाईंना जरा फ्रेमबाहेर घ्या.’’

कुणी पुढं झालं नाही. गयाबाईंनी वीरगळीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘मी हितलीच हाय. तुम्ही व्हा बाहीर.’’