वादळांची एबीसीडी

आयर्लंडमधल्या नावन गावात एका घरात आम्ही दोघी राहतो: मी आणि इथल्या हॉस्पिटलमधली एक फिलिपिनो नर्स. तिची आई तिकडे एका बेटावर, अगदी समुद्राला लागून, एकटी राहते. त्यांच्याकडे वर्षभराच्या वादळांना एबीसीडीप्रमाणे नावं देतात. जुलैत पहिली दोन-चार अक्षरं झाली तेव्हा ती खुशाल सांगायची, "ऑल ग्रँड! आईचं नुसतं अंगण भिजलं."

सप्टेंबरपासून अक्षरं भराभर पुढे सरकायला लागली आणि ती गप्प होत गेली. तेव्हा माझी आई सांगलीहून आली होती. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो कळत नव्हती, तरी आई तिला पोळीभाजीचा डबा द्यायची आणि तिच्या मोबाइलवरचे फिरणारे ढग शेजारी बसून बघायची.

मग एक वादळ थेट त्या बेटावर गेलं आणि फोन लागेना. ती ड्यूटीवर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना भरवून यायची आणि घरी फोनसमोर बसून राहायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. आईनं मात्र पर्समधून आपला पितळी बाळकृष्ण काढला, माझा सॅलडचा बाउल भरला आणि देव पाण्यात ठेवले.

मी वैतागले. "आई, तिकडे पाण्यानंच घात केलाय आणि तू देवालाही बुडवतेस?"

"बुडू दे. गारठला म्हणजे बघेल लवकर."

काम होईपर्यंत देवाला बाहेर काढत नाहीत, हे मी त्या नर्सला समजावून सांगितलं. ती खुदकन हसली आणि मग आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. तिची आई छप्पर उडालेल्या घरात उभी होती आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली मेरीची मूर्ती कौतुकानं दाखवत होती. मूर्तीला पाण्याचा थेंबही लागला नव्हता. आईनं बाळकृष्णाला पदरानं पुसून त्याच्यापुढे साखर ठेवली.

आई परत गेली. नोव्हेंबरात पुढचं अक्षर त्याच बेटाकडे निघालं. मी ऑफिसातून आले तर ही स्वयंपाकघरात आपली छोटी मेरी हातात घेऊन उभी.

"तो बाउल कुठल्या प्रेसमध्ये आहे?" तिनं भिंतीवरच्या कपाटांकडे बघत विचारलं.

मी काढून दिला. नळाखाली हात धरून ती थबकली. "तुझ्या आईला विचार ना, कोमट पाणी चालेल का? फार गार आहे गं हे."

मी फोन लावला.

"कोमटच घाल म्हणावं तिला. ती आई आहे, तिला गारठवायला नाही लागत."